अनुदानाच्या इमारतीत देव कुठे बसवायचा?

आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या मंजूर नकाशात तळमजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला १८ बाय २४ फुटांची एक खोली होती. नकाशावर तिचं नाव 'करमणूक कक्ष'. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, अकराव्या पंचवार्षिक योजनेतल्या पैशांतून ती उभी राहिली. ऑडिटची मंडळी आली तेव्हा त्या खोलीत संगमरवरी चौथरा होता, चौथऱ्यावर दत्ताची मूर्ती, छताला पितळी घंटा आणि दाराशी चपला काढायची जागा पिवळ्या रंगाने आखलेली. ऑडिटर सज्जन माणूस. त्याने बूट काढले, आत जाऊन नमस्कार केला, घंटा वाजवली, बाहेर आला आणि चष्मा पुसत मला विचारलं, "मॅडम, टेबल टेनिसचं टेबल कुठाय?"

डेड स्टॉक रजिस्टरला टेबल होतं. टेबल स्वतः संस्थेच्या हायस्कुलात गेलं होतं, आणि त्यावर तिथल्या पोषण आहाराच्या पोत्यांची थप्पी लागली होती.

त्या एका प्रश्नावर पुढे दोन वर्षं पत्रव्यवहार चालला. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात मी ३१ वर्षं काढली. ज्युनिअर क्लार्क म्हणून लागले, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. आता आसपासच्या कॉलेजांतून फोन येतात. "बाई, मुली नमाजाला जागा मागतात, द्यावी का?" "बाई, सेमिनार हॉलमध्ये पारायण ठेवलं तर चालेल का?" एकाने तर विचारलं, ग्रंथालय अनुदानातून ज्ञानेश्वरी घेतली तर वसुली निघेल का? (नाही निघणार. खुशाल घ्या, पण निर्णयसागरी जुनी प्रत अव्वाच्या सव्वा भावाने घेऊ नका, त्यावर मात्र निघेल.) प्रत्येकाला वेगवेगळं सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी वकील नाही. पण ज्या कागदांवर ही भांडणं मिटतात किंवा पेटतात, ते कागद मी हाताने तयार केले आहेत.

आधी आपलं कॉलेज कुठल्या रांगेतलं ते ठरवा

राज्यघटनेचं २८ वं कलम काढून टेबलावर ठेवा. छोटं आहे, पाच मिनिटांत वाचून होतं. गंमत अशी की वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू या कलमाचं नाव घेतात आणि दोघांनीही ते पूर्ण वाचलेलं नसतं.

कलम २८(१) सांगतं की जी शिक्षणसंस्था पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथे धार्मिक शिक्षण देता येणार नाही. ही रांग सरकारी कॉलेजांची. मुंबईचं एल्फिन्स्टन, जोगेश्वरीचं इस्माइल युसुफ, कोल्हापूरचं राजाराम ही या रांगेतली. तुमचं कॉलेज खासगी संस्थेने काढलेलं, पगार सहसंचालक कार्यालयातून येतो, पण इमारत, जागा, कारभार संस्थेचा, असं असेल तर तुम्ही कलम २८(३) च्या रांगेत. तिथली भाषा वेगळी आहे. ज्या संस्थेला सरकारची मान्यता आहे किंवा सरकारी मदत मिळते, तिथल्या कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येणार नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर संमती पालकाची. आणि पुढचे शब्द आमच्या कामाचे: त्या संस्थेत 'किंवा तिला जोडून असलेल्या वास्तूत' होणारी उपासना. म्हणजे वसतिगृह, मेस, जिमखाना, सभागृह सगळं आलं. 'ते तर कॉलेजच्या बाहेर, होस्टेलमध्ये होतं' ही पळवाट घटनेने १९५० सालीच बुजवून ठेवली आहे.

मधलं २८(२) क्वचित लागतं. सरकार चालवतं, पण मूळ देणगीच्या किंवा विश्वस्तनिधीच्या अटीतच धार्मिक शिक्षण आहे, अशी संस्था त्यात येते. आपल्या भागात तुम्हाला बहुधा भेटणार नाही. पुढे जाऊ.

म्हणजे अनुदानित कॉलेजात देवाचं नाव काढायला बंदी नाही, जबरदस्तीला बंदी आहे. हे एवढं कळलं की निम्मे फोन कमी होतात. उरलेले निम्मे फोन पैशाचे असतात, आणि तो हिशेब निराळा. जबरदस्तीचा प्रश्न घटनेतून सुटतो, पैशाचा प्रश्न मंजुरीपत्रातून. दोन्ही एकाच नस्तीत घालून गोंधळ करू नका.

आणखी एक गोष्ट नेहमी विचारतात. धर्माचा अभ्यास आणि धार्मिक शिक्षण एकच का? नाही. पंजाबातल्या गुरू नानक विद्यापीठाच्या संदर्भात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, आणि २००२ साली अभ्यासक्रमाच्या वादातही हाच विचार पुढे आला. तेव्हा संतसाहित्याचं अध्यासन, पाली विभाग, इस्लामिक स्टडीजचा पेपर यांवर कोणी २८ वं कलम फेकून मारलं तर घाबरू नका.

हा प्रश्न आपल्याकडे आजचाही नाही. १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली ती पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून. ब्राह्मणांना वाटायची धार्मिक दक्षिणा कॉलेजकडे वळली, आणि तो पैसा पुढे कोणत्या विद्येला द्यायचा यावरून पुण्यात चांगलीच रणं माजली. मग १८५४ च्या वुडच्या खलित्यात अनुदानाची पद्धत आली तेव्हा धोरण असं ठरलं की सरकार लौकिक शिक्षण कसं चाललंय तेवढं बघेल, शाळेतल्या धार्मिक शिक्षणात हात घालणार नाही. मिशनच्या शाळा-कॉलेजांना सरकारी मदत मिळत गेली ती या पायावर. आज आपण 'अनुदान' म्हणतो त्याची नाळ तिथे पुरलेली आहे.

मंजुरीपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचा

आमच्याकडे मंजुरीपत्र आलं की पहिल्या पानावरचा आकडा वाचून पेढे वाटले जात. अटी तिसऱ्या-चौथ्या पानावर, बारीक अक्षरात. त्या मी वाचल्या त्या ऑडिट आल्यावर. तुम्ही तसं करू नका.

यूजीसीचा पैसा असो (त्यासाठी कॉलेज यूजीसी कायद्याच्या कलम १२(ब) च्या यादीत असावं लागतं), रूसाचा (केंद्राचं राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान) असो किंवा २०२३ पासून त्याचं नाव बदलून झालेल्या पीएम-उषाचा, गाभा एकच: ज्या कामाला पैसा दिला त्याच कामाला वास्तू वापरायची, आणि परवानगीशिवाय विकायची नाही, गहाण ठेवायची नाही, दुसऱ्या कामाला लावायची नाही. केंद्राचे २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम (जीएफआर) हेच सांगतात. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आपली यूसी, जीएफआर १२-ए नमुन्यात जाते. त्यावर प्राचार्य सही करतात की पैसा मंजूर कामासाठीच खर्च झाला. करमणूक कक्षात चौथरा बांधून आमच्या प्राचार्यांनी त्या कागदावर सही केली होती. दत्ताचा त्यात काही दोष नाही. तिथे मसाला कांडप यंत्र बसवलं असतं तरी आक्षेप हाच आला असता.

म्हणून मंजुरीपत्र आलं की त्याची झेरॉक्स काढा, पिवळ्या पेनने तीन जागा रंगवा: कामाचं नेमकं वर्णन, वापराची अट, मालमत्तेची अट. आणि ती प्रत बांधकाम समितीच्या प्रत्येक सदस्याच्या हातात द्या. अध्यक्षांच्या सुद्धा. अध्यक्षांच्या आधी द्या.

अट किती वर्षांची, हेही विचारतात. "आता बारा वर्षं झाली, आता काय हरकत?" पत्रात मुदत लिहिली नसेल तर मुदत नाही असं समजून चाला. यावर अमेरिकेतलं एक प्रकरण मला एका वकिलांनी सांगितलं होतं, ते लक्षात राहिलं. तिथे १९६३ च्या कायद्याने कॉलेजांच्या इमारतींना केंद्राचा पैसा मिळू लागला, चर्चच्या कॉलेजांनाही, पण उपासना किंवा धर्मशिक्षणासाठी त्या इमारती वापरायच्या नाहीत या बोलीवर. सरकारचा हक्क वीस वर्षं, मग मोकळीक. कनेक्टिकटमधल्या चार कॉलेजांवरून भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७१ साली न्यायालयाने ग्रंथालय-प्रयोगशाळांना दिलेला पैसा चालवून घेतला, पण ती वीस वर्षांची मुदत काढून टाकली. एकविसाव्या वर्षी त्याच इमारतीचं प्रार्थनामंदिर झालं तर सरकारने धर्मालाच वास्तू दिल्यासारखं होईल, असा मुद्दा. आपला कायदा त्यांच्यासारखा कडक नाही, आपल्याकडे धार्मिक संस्थेच्या कॉलेजला सरकारी मदत मिळण्यात गैर काही नाही. पण इमारत बारा वर्षांत जुनी होते, अट होत नाही, हे तिथून शिकण्यासारखं आहे.

भिंत, मीटर, खातं

संस्थेला मंदिर, चॅपल, मशीद, गुरुद्वारा, विहार काहीही हवं असेल तर ते संस्थेचं स्वातंत्र्य आहे. करा. पण अनुदानाच्या भिंतीच्या बाहेर.

जागेपासून सुरू करा. सातबारा काढा. जमीन संस्थेने विकत घेतलेली की कलेक्टरकडून कॉलेजसाठी मिळालेली? भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारने शर्तींवर दिलेली जमीन) असेल आणि मंजुरी आदेशात 'शैक्षणिक प्रयोजन' लिहिलं असेल, तर त्यावर देऊळ म्हणजे शर्तभंगाची नोटीस. तुमच्या विरोधी पॅनलला हे तुमच्याआधी माहीत असतं. मग संस्थेची घटना काढा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली. उद्दिष्टांत धार्मिक काम आहे का? कित्येक संस्थांच्या उद्दिष्टांत फक्त शिक्षणप्रसार असतो. तिथे आधी उद्दिष्टांचा प्रश्न सोडवा.

हे जुळलं की पैसा. देवाच्या कामाला वेगळं बँक खातं, वेगळं पावतीपुस्तक. विद्यार्थ्यांच्या फीमधून एक रुपया नाही. 'विकास निधी' या गोड नावाखालीही नाही. उरलेलं सिमेंट, उरलेल्या फरशा हा मोह सगळ्यात मोठा. आमच्या चौथऱ्याचा संगमरवर असाच 'उरलेला' होता. मोजमाप पुस्तकात मात्र तो पायऱ्यांना लागलेला, आणि पायऱ्या शहाबादी. ऑडिटरने त्या पायऱ्यांवर बसूनच पुस्तक वाचलं.

वीज-पाण्याचं कोणी बघत नाही, पण बघा. सबमीटर शे-पाचशे रुपयांची गोष्ट आहे. त्यामुळे पुढचे दहा आक्षेप वाचतात.

जुन्या कॉलेजांत चॅपल किंवा मशीद मूळ इमारतीतच, अनुदान येण्याच्या कितीतरी आधीपासून असते. झेवियर्ससारखी १८६९ पासूनची कॉलेजं आपल्याकडे आहेत. तिथे काही पाडायचं-हलवायचं नाही. फक्त नव्या अनुदानाचा प्रस्ताव करताना नकाशावर ती जागा वेगळ्या रंगाने दाखवा आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातून वगळा. छताची गळती दोन्हीकडे एकच असेल तर इंजिनिअरकडून चौरस फुटांच्या प्रमाणात खर्च विभागून घ्या, संस्थेचा वाटा संस्थेने भरावा.

संमतीचा कागद

तुमच्या कॉलेजात सकाळी प्रार्थना होत असेल, होस्टेलमध्ये आरती होत असेल, धर्मशिक्षणाचा तास असेल, तर संमती घ्या. लेखी. मी केलेला मसुदा असा आहे, हवा तर उचला:

'या महाविद्यालयात / वसतिगृहात ______ ही उपासना / हा वर्ग ______ वाजता होतो. त्यात सहभागी होणे ऐच्छिक आहे, हे मला समजले आहे. मी सहभागी होऊ इच्छिते / इच्छित नाही. माझा निर्णय मी केव्हाही बदलू शकते. सहभागी न झाल्यामुळे माझे गुण, हजेरी, खोली, भोजन, शिष्यवृत्ती यांवर परिणाम होणार नाही.'

'इच्छित नाही' हा पर्याय छापलेला असलाच पाहिजे. प्रवेश अर्जाच्या अठराव्या पानावर 'संस्थेचे सर्व नियम मान्य' असं एक वाक्य घालून संमती मिळाली असं मानणारे महाभाग मी पाहिलेत. त्याला संमती म्हणत नाहीत.

सही कोणाची, हे मात्र नीट बघा, कारण इथे सगळे चुकतात. अकरावी-बारावीची मुलं सोळा-सतराची, म्हणून पालकाची सही. पदवीच्या पहिल्या वर्षाला मुलगी अठराची असेलच असं नाही. मी जुलैमध्ये प्रवेश अर्जांचे जन्मतारखेवरून दोन गठ्ठे करायचे: अठरा पूर्ण झालेल्या आणि न झालेल्या. दुसऱ्या गठ्ठ्याच्या फॉर्मला वडिलांची किंवा आईची सही. अठरा झालेल्या मुलीची संमती तिची तिनेच द्यायची. वडील फोन करून म्हणाले "तिला बसवा प्रार्थनेला, मी सांगतोय", तरी नाही. असा फोन आमच्याकडे आला आहे. मुलगी माझ्यासमोर बसून पेन्सिल कुरतडत होती. मी म्हटलं, "दादा, ती एकोणीसची आहे, मतदान करते, हे पण तिचं तिला ठरवू द्या." ते तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. गावातच राहतो आम्ही.

शिक्षक-कर्मचाऱ्यांचंही तसंच. नाशिकच्या एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून एका शिक्षकाला त्रास झाला, ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ साली न्यायालयाने सांगितलं की हात जोडायची सक्ती करता येणार नाही. प्रार्थनेच्या वेळी बाहेर शांत उभं राहणं हे काही शिस्तभंगाचं प्रकरण नव्हे. मेमो काढायची घाई करू नका.

आणि हजेरीपट. सक्ती आहे की नाही हे ओळखायची माझी खूण तीच. जिथे हजेरी घेतली जाते तिथे सक्ती आहे, तुम्ही सूचना फलकावर 'ऐच्छिक' कितीही ठळक लिहा. सरस्वतीपूजनाला एनएसएसच्या मुलांची हजेरी, गणपतीच्या आरतीला होस्टेलची हजेरी, ख्रिसमसच्या उपासनेला गायनवृंदाची हजेरी, ही सगळी बंद करा. गणपतीला वर्गणी काढा, ज्याला द्यायची तो देईल. गॅदरिंगच्या फीतून मूर्ती आणू नका. शिवजयंती, फुले जयंती, आंबेडकर जयंती यांना हा नियम लावत बसू नका, त्या जयंत्या आहेत, पूजा नव्हेत. पण जयंतीच्या कार्यक्रमात होम घातला तर मग लागू.

शांत खोली

आमच्या होस्टेलमध्ये एका वर्षी चार मुस्लिम मुली होत्या. रमजान परीक्षेत आला. रेक्टर मॅडमनी कनवाळूपणे त्यांना नमाजाला स्टोअररूम दिली, गाद्यांच्या गठ्ठ्यामागे. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या गटाचं निवेदन: 'त्यांना खोली, आम्हाला का नाही?' त्याच काळात दत्ताची खोली ऑडिटमुळे बंद. म्हणजे दोन्ही बाजू नाराज, आणि दोन्हींचं थोडं थोडं बरोबर.

तेव्हा आम्ही जे केलं ते इतरांनाही जमलं आहे. पहिल्या मजल्यावरची १४ नंबरची खोली कॉलेज विकास समितीच्या ठरावाने 'शांत कक्ष' केली. वाचन, ध्यान, प्रार्थना, नुसतं बसणं, काहीही. नियम चारच ओळींचे. कोणतीही मूर्ती, तसबीर, चिन्ह कायमचं ठेवायचं नाही. आवाज बाहेर जाणार नाही. वेळ वहीत लिहायची, नाव आणि किती ते किती, कशासाठी हे लिहायचं नाही. धूप-दिवा नाही, कारण वायरिंग जुनं. एक चटई, एक बाक, भिंतीला घड्याळ. बस.

'कशासाठी' हा रकाना वहीत घालू नका हे मुद्दाम सांगते. पहिल्या वहीत मी घातला होता. आठ दिवसांत वही म्हणजे जातवार-धर्मवार यादी झाली आणि कोणीतरी तिचा फोटो काढला. ती वही मी स्वतः बाद केली आणि नवी आणली.

तेव्हाच एक गोष्ट मला कळली. आमच्याकडे लिंगायत मुली पुष्कळ. त्यांतली एक रोज पहाटे आपल्या कॉटवर बसून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची. तीन वर्षं. तिच्या खोलीतल्या मुलींशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. तिला ना खोली हवी होती, ना ठराव. स्वतःच्या खोलीत मुलगी काय करते हा वसतिगृहाचा विषयच नाही, सरकारी पैशाची इमारत असली तरी. काही रेक्टर याच्या उलट्या टोकाला जातात, खोलीतला छोटा फोटोही काढायला लावतात. तसं करायची काही गरज नाही. २५ व्या कलमाने दिलेलं स्वातंत्र्य होस्टेलच्या फाटकावर जमा करून घेता येत नाही.

मेसचंही लगे हात सांगते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी करता ना? मग रमजानात पहाटे साडेचारला डबा काढून ठेवायला हरकत नसावी. पर्युषणात कांदा-लसूण नसलेली एक भाजी. यात सरकारी पैशाचा धर्मावर खर्च वगैरे काही होत नाही, मुलींचं जेवण मुलींच्या मेस बिलातून होतं.

सभागृह भाड्याने

अनुदानातून झालेलं सभागृह बाहेरच्यांना द्यायचं की नाही हे मंजुरीपत्रात बघा. द्यायचं ठरलं तर दर एकच, अर्ज एकच, आणि आलेलं भाडं कॉलेजच्या हिशेबात दिसलं पाहिजे. घोळ होतो तो निवडीत. भागवत सप्ताहाला फुकट, तबलीगच्या इज्तेमाला 'हॉल दुरुस्तीला काढलाय', चर्चच्या कार्यक्रमाला दुप्पट. एकाला दिलं की दुसऱ्याला नाकारायचं कारण लेखी सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर सरळ ठराव करा की कोणत्याच धार्मिक कार्यक्रमाला हॉल मिळणार नाही, फक्त शैक्षणिक आणि सांस्कृतिक. गावात दोन दिवस तोंडं वाकडी होतील, नंतर सुटका.

अल्पसंख्याक संस्था असाल तर

तुमच्यासाठी ३० वं कलम. ३०(१) म्हणजे आपल्या पसंतीची शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क, धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असणाऱ्यांना. ३०(२) पैशाचं: मदत देताना केवळ व्यवस्थापन अल्पसंख्याकांचं आहे म्हणून सरकारने भेदभाव करायचा नाही. कोणी टेबलापलीकडून तोंडी म्हणालं, "तुमचं काय, तुम्हाला बाहेरून पैसा येतो, हॉस्टेल कशाला मागता", तर वाद घालू नका. नम्रपणे म्हणा, "साहेब, प्रस्ताव नाकारल्याचं कारण लेखी द्या." नाही दिलं तर माहिती अधिकारात मागा. अल्पसंख्याक दर्जाचा दाखला मात्र आधी हातात ठेवा. राज्याचा अल्पसंख्याक विकास विभाग देतो, आणि केंद्रात २००४ च्या कायद्याने झालेला राष्ट्रीय आयोग आहे, त्याच्याकडे तक्रारही करता येते.

पण मदत घेतली की दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. २८(३) तुम्हालाही लागू, संमती हवीच. आणि २९(२): सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत कोणालाही केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. आपल्या समाजाच्या मुलांना काही जागा राखता येतात, पण बाकीच्यांना दार पूर्ण बंद करता येत नाही. २००२ साली अकरा न्यायाधीशांच्या टी. एम. ए. पै निकालाने हा तोल सांगितला, आणि अल्पसंख्य कोण हे राज्याराज्यानुसार बघायचं हेही त्याच निकालात आहे. म्हणून मराठी माणसांची संस्था सोलापुरात अल्पसंख्याक नसते, पण बेळगावात असते. तिकडच्या मंडळींनी हे कलम फक्त भाषणात वापरू नये, वसतिगृहाच्या प्रस्तावालाही जोडावं.

ऑडिट येण्याआधी

एक दुपार काढा. मंजूर नकाशा हातात घेऊन इमारतीत फिरा. नकाशावर जे नाव आहे ते दारावर आहे का? दारामागे तेच चालतं का? डेड स्टॉकमधल्या वस्तू त्या खोलीत आहेत का? आता जिओ-टॅग केलेले फोटो मागतात, तेव्हा फोटोत पाठीमागच्या भिंतीवर काय टांगलंय तेही बघा. समारंभापुरती ठेवलेली तसबीर फोटोत कायमची होते.

आक्षेप आलाच तर भावनेचं उत्तर लिहू नका. आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे अण्णांनी, पहिलं उत्तर सांगितलं ते असं: 'ग्रामदैवताच्या श्रद्धेचा विषय असल्याने आक्षेप वगळावा.' मी ते टाइप केलं आणि पाठवलं नाही. ड्रॉवरमध्ये ठेवलं. आठ दिवसांनी अण्णा स्वतःच म्हणाले, "ते पत्र गेलं का गं?" मी म्हटलं, "नाही अण्णा, शाई संपली होती." ते हसले. मग आम्ही दुसरं लिहिलं: अमुक तारखेपर्यंत कक्ष मूळ वापरात आणतो, चौथऱ्याचा खर्च संस्था आपल्या निधीतून कॉलेजच्या खात्यात भरते, सोबत ठराव, सोबत चलन.

मूर्ती हलवायची म्हणजे अवघड काम. गावातल्या गुरवांना बोलावलं, मुहूर्त काढला, होस्टेलच्या कुंपणाबाहेर संस्थेच्या खरेदीच्या जागेत, औदुंबर आधीपासून होता तिथे, लोकवर्गणीतून लहानसं देऊळ बांधलं. घंटा तीच. टेबल टेनिसचं टेबल हायस्कुलातून परत आलं, एका पायाखाली विटेचा तुकडा लावून. अनुपालनासोबत खोलीचा फोटो पाठवला, त्यात दोन मुली खेळताना दिसतात आणि तिसरी वीट सरकू नये म्हणून पायाने दाबून उभी आहे.

देवळाला सबमीटर लावला. पहिल्या महिन्याचं बिल ८६ रुपये आलं. दानपेटीतून भरलं, पावती वेगळ्या फाइलला लावली.